डोकं कुणाच्या मालकीचं?

कामगार हात विकतो हे आपण सगळे मान्य करून बसलोय. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. डोकं विकता येतं का? आणि त्याची नासाडी झाली तर ती कुणाच्या खात्यावर मांडायची?

माईक वेब्स्टर हा अमेरिकन फुटबॉलचा गडी. आपला पायानं खेळायचा फुटबॉल तो हा नव्हे. यात चेंडू हातात धरून पळतात, आणि पळणाऱ्याला वाट मिळावी म्हणून समोरची माणसांची भिंत अंगानं रेटतात ते लाइनमन. वेब्स्टर या रांगेच्या मधोमध. वाकून चेंडू दोन पायांतून मागं द्यायचा आणि त्याच दमात समोरच्या धिप्पाड गड्याला भिडायचं. दर डावाला हेच. नाव पळणाऱ्याचं होतं, धडक याच्या वाट्याला. 1974 ते 1988 तो पिट्सबर्ग स्टीलर्सकडून खेळला. शहर पोलादाचं, संघाचं नावही त्यावरूनच. पुढं दोन हंगाम कॅन्सस सिटीत. चार वेळा अजिंक्यपद.

खेळ सुटला आणि माणूस उसवत गेला. आठवण गेली, पैसा गेला, संसार मोडला. कैक रात्री स्वतःच्या गाडीत काढल्या. झोप लागावी म्हणून विजेचा झटका देणारं हत्यार तो स्वतःवरच चालवून घ्यायचा. 1997 साली त्याला खेळातला सर्वोच्च मान मिळाला. 2002 साली मेला, तेव्हा वय 50.

नायजेरियातून आलेल्या बेनेट ओमालू या डॉक्टरनं त्याचा मेंदू तपासला. वरून धडधाकट. काप काढून भिंगाखाली धरला तेव्हा आतली खराबी दिसली. 2005 साली त्यांनी निबंध छापला, तर लीगच्या समितीतले डॉक्टर म्हणाले, मागं घ्या! आणि गंमत बघा, खेळाडूंच्या पेन्शन मंडळानं 1999 सालीच कबूल केलं होतं, की खेळात डोक्याला मार बसून वेब्स्टर निकामी झालाय. म्हंजे एका वहीत होय, दुसऱ्या वहीत नाही.

लोक म्हणतात, राजीखुशीनं खेळला, पैसे मोजून घेतले. मीही गिरणीत राजीखुशीनंच अंगठ्याऐवजी सही केली. कापसाची धूळ छातीत घर करते हे सही घेणाऱ्यानं नाही सांगितलं; ते मला शेजारच्या म्हाताऱ्याच्या खोकल्यानं सांगितलं. ज्याला ठाऊक तो गप्प, ज्याच्या जिवावर बेतणार त्याला पत्ता नाही. याला संमती म्हणायचं?

बरं, शेवटी भरपाई ठरली. 2013 साली लीगनं तडजोड केली. पण तिच्यातही काळ्याचा मेंदू वेगळ्या मापानं मोजला जात होता. दोघांना चाचणीत सारखेच गुण पडले, तर गोऱ्याचा मेंदू खेळानं खालावला म्हणायचं. काळ्याचा मुळातच तेवढा होता म्हणायचं. नुकसान पदरात पडायला काळ्यानं आणखी खाली घसरलेलं असायला हवं. जन्माआधीच कमी गुण लिहून ठेवलेली ही वही आपल्या ओळखीची आहे.

केव्हिन हेन्री हा काळा लाइनमन, आठ वर्षं त्याच पिट्सबर्ग संघात. त्याचा अर्ज फेटाळला गेला. 2020 साली तो आणि नाजेह डेव्हनपोर्ट कोर्टात गेले. 2021 साली लीगला हे माप सोडायला कबूल व्हावं लागलं, 2022 साली कोर्टानं बदलावर शिक्का मारला. मग जुने कागद बाहेर काढून पुन्हा मोजले. माणसं तीच, उत्तरं तीच. शेकडो काळे खेळाडू, जे कालपर्यंत 'ठीक' होते, ते आता आजारी ठरले.