साक्ष आणि साक्षीदार

अप्रिय साक्ष कानीं पडली म्हणजे मनुष्य प्रथम साक्षीदारालाच दोष देतो. ही खोड न्यायालयांत दिसते तशीच ती कारखान्यांत व घरांतही दिसते. तिचा विचार आम्ही येथें एका यंत्राच्या आधारें करूं इच्छितों. कारण यंत्राला मानापमान नसल्यामुळें त्याच्याविषयीं आपलें मन निर्विकार राहतें.

अमेरिकेंत पेट्रोलवर चालणाऱ्या पिकअप ट्रकांच्या धुराच्या नळींत ऑक्सिजन सेन्सर बसविलेला असतो. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ सालीं प्रथम व्होल्वोच्या मोटारींत बसला. पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा, हें योग्य प्रमाण. धुरांत प्राणवायु अधिक उरला, तर जुन्या धर्तीचा सेन्सर सुमारें ०.१ व्होल्ट दाखवितो. फारच कमी उरला, तर ०.९ च्या आसपास. त्याच्या शब्दावर विसंबून इंजिनचा संगणक पेट्रोल कमीअधिक करितो.

आतां समजा, 'मिश्रणांत पेट्रोल कमी' असा इशारा आला. उतावळा कारागीर तत्काळ सेन्सर बदलतो व इशारा पुसून टाकतो. चार दिवसांनीं दिवा पुन्हां लागतो. कारण दोष कोठें तरी फुटलेल्या रबरी नळींतून आंत शिरणाऱ्या हवेचा होता. कधीं एका सिलिंडरांत ठिणगीच पडत नाहीं, व न जळलेला प्राणवायु तसाच बाहेर येतो. सेन्सर तो प्राणवायु पाहतो आणि सांगतो. त्यावरून 'पेट्रोल कमी आहे' असें अनुमान काढणारा चुकतो; साक्षीदार चुकत नाहीं.

शहाणा कारागीर इंजिन तापवून आंत जाणाऱ्या हवेंत क्षणभर थोडा प्रोपेन वायु सोडतो. सेन्सरचा आंकडा चढला पाहिजे. मग तो मुद्दाम एक नळी उघडून जास्त हवा आंत घेतो. आंकडा उतरला पाहिजे. दोन्ही वेळां जो जागचा हालत नाहीं, तोच सेन्सर निकामी. परिस्थिति बदलली तरी ज्याची जबानी बदलत नाहीं, तो साक्षीदार बदलावा, आणि तो निःशंकपणें बदलावा.

आतां घराकडे वळूं. नवी सून म्हणते, "येथें मोकळेपणानें बोलतां येत नाहीं." आपण म्हणतों, तिचा स्वभावच कुरकुरा. पण माहेरीं, मैत्रिणींत, आपल्या कामाच्या ठिकाणीं ती हसते-बोलते काय, हें आपण पाहिलें आहे काय? तेथें ती प्रसन्न असेल, तर दोष स्वभावाचा नसून घरांतल्या हवेचा आहे. तक्रार करणाऱ्याचें सर्वच म्हणणें खरें मानावें, असें आमचें म्हणणें नाहीं. तिला घुसमट जाणवते हें खरें असूं शकेल, आणि तिनें सांगितलेलें कारण चुकीचें असूं शकेल. तें शोधणें हें मात्र ऐकणाऱ्याचें काम आहे.

तें टाळल्यास काय होतें? ठिणगी न पडणाऱ्या सिलिंडरांतलें न जळलेलें पेट्रोल पुढच्या धूर शुद्ध करणाऱ्या भागांत जाऊन त्याला जाळतें, आणि तो भाग सेन्सरहून कितीतरी महाग असतो. घरांत बोलणारें माणूस गप्प केलें, तर इशाऱ्याचा दिवाही लागत नाहीं. ज्या घरांत कोणीच तक्रार करीत नाहीं, तेथें सर्व सुखी आहेत कीं सर्वांनीं सांगणेंच सोडलें आहे, हें घरच्या वडीलधाऱ्यांनीं स्वतःस एकदां विचारून पाहावें.