आधी समेट, मग अर्पण

शास्त्रपाठ : मत्तय 5:23–24, नहेम्या 5:1–13



डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने उपासनेस निघालेल्या एका मनुष्याचे चित्र आपणांपुढे ठेविले आहे. तो मनुष्य अर्पण घेऊन वेदीपाशी पोहोचला आहे. आता ते वेदीवर ठेवावयाचे तेवढे राहिले आहे. इतक्यात त्यास आठवते की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. प्रभू त्यास सांगतो, अर्पण तेथेच राहू दे. तू आधी जा, भावाशी समेट कर, आणि मग येऊन अर्पण वाहा. ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत होती. परत फिरणे म्हणजे काही दिवसांची पायपीट. तरी प्रभू म्हणतो, परत फीर.

ह्या वचनातील एक गोष्ट आपल्या नजरेतून बहुधा निसटते. तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर जा, असे प्रभू येथे म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर जा, असे तो म्हणतो. ज्याच्या हातून अन्याय घडला, ज्याच्याकडे भावाचे काही देणे राहिले, त्याने प्रथम उठावयाचे आहे. आपण मात्र समेटाचा उपदेश उलट्या टोकाकडून करितो. ज्याचे लुबाडले गेले त्यासच आपण सांगतो, “बाबा रे, क्षमा कर, विसरून जा.” आणि ज्याने लुबाडले तो पुढल्या बाकावर स्वस्थ बसलेला असतो.

हे वचन जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत उभे राहून वाचले, म्हणजे त्याचा अर्थ फार जवळचा वाटू लागतो. जव्हार हे 1948 पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते, आणि त्याच्या भोवती जुना ठाणे जिल्हा पसरलेला होता. ह्या भागातील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी हे लोक येथील माती कसणारे आणि जंगल ओळखणारे. परंतु जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या, आणि कसणारे कूळ होऊन राहिले. पुढे वेठ आली. मालक बोलावील तेव्हा आपले शेत टाकून त्याच्या शेतावर राबावयाचे, आणि बदल्यात मूठभर दाणे मिळाले तर मिळाले, नाही तर नाही.

ह्याहूनही जड असे एक बंधन होते. गरीब वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेई, आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबण्याचे कबूल करी. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज एकट्याच्या नावाचे असले तरी लग्न होताच नवरा-बायको दोघेही त्या दारी बांधली जात. हिशेबाची वही सावकाराची, लिहिणारा हात सावकाराचा, अंगठा तेवढा वारल्याचा. तेव्हा कर्ज फिटणार कसे? ज्या दिवशी दोन जीव एकमेकांचे व्हावयाचे, त्याच दिवशी ते तिसऱ्याचे होत. विवाह देवाने नेमून दिला आहे असे मानणाऱ्या मनुष्याने ही गोष्ट वाचून पान उलटू नये.

ही बेडी कोणी सैल केली? सत्य सांगावयाचे तर आरंभ आपल्या मंडळ्यांनी केला नाही. 1945 च्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली, आणि तेथे गेलेले थोडे वारली परत येताना धीर घेऊन आले. 23 मे 1945 रोजी झरी येथे हजारो वारली जमले, आणि ह्यापुढे वेठ करावयाची नाही, मालकाच्या शेतावर राबावयाचे तर रोज बारा आणे रोख मजुरी घ्यावयाची, असे त्यांनी ठरविले. शामराव व गोदावरी परुळेकर हे ह्या चळवळीत त्यांच्यासोबत पाड्यापाड्यांतून हिंडले. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमावावर गोळीबार होऊन पाच आदिवासी प्राणास मुकले. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या आपल्या पुस्तकात हा सारा वृत्तांत लिहून ठेविला आहे.

ही मंडळी देवाचे नाव घेऊन निघाली नव्हती, म्हणून त्यांचे काम सांगण्यास आपण संकोच करावा काय? बाबेलातील बंदिवान यहूदी लोकांची सुटका परमेश्वराने कोरेश राजाच्या हातून करविली, आणि कोरेश परमेश्वरास ओळखत नव्हता, हे यशया संदेष्टा स्वतः सांगतो. देवाचे लोक गप्प बसले म्हणून देवाचे काम थांबत नाही. ते दुसऱ्याच्या हातून होते, आणि आपल्या वाट्यास लाज तेवढी उरते.

आता नहेम्याकडे वळू या. यरुशलेमेचा तट बांधण्याचे काम ऐन जोरात चालले होते. बाहेर शत्रू, म्हणून लोक एका हाताने काम करीत व दुसऱ्या हातात शस्त्र धरीत. अशा वेळी आतून आक्रोश उठला. दुष्काळात दाणे मिळावे म्हणून गरिबांनी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली होती. राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले होते. मुलेमुली दास्यात गेली होती. आणि घेणेकरी कोण? परके नव्हेत, त्यांचेच भाऊबंद. नहेम्या संतापला. तथापि क्रोधात तो एकदम बोलला नाही. त्याने मनाशी विचार केला, मग सरदार-अधिकाऱ्यांस दोष दिला आणि सभा बोलाविली. त्या सभेत त्याने कबूल केले की, मी, माझे भाऊ आणि माझे सेवक हेही लोकांस पैसा व धान्य उसने देत आलो आहोत. नंतर तो म्हणाला, त्यांची शेते, मळे, घरे आणि घेतलेले व्याज आजच्या आज परत करा.

बंधुजनहो, ‘आज’ ह्या शब्दाकडे लक्ष द्या. तट पुरा झाल्यावर पाहू, असे नहेम्या म्हणाला नाही. आत भाऊ भावास गिळत असता बाहेर तट उभारून उपयोग काय? आपणही प्रार्थनामंदिराची भिंत बांधतो, छपरासाठी वर्गणी गोळा करितो. ती वर्गणी देणाऱ्या हातांकडे कोणा गड्याची राहिलेली मजुरी आहे की काय, हे विचारण्याचे धैर्य पंचांना आहे काय?

आता कोणी म्हणेल, लग्नगड्याचे दिवस गेले. खरे आहे, कायद्याने ते गेले. 1976 च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाने वेठबिगारीचे कर्जच रद्द केले, आणि त्यापायी गहाण पडलेली मालमत्ता परत करण्याचे ठरविले. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याहून विलक्षण गोष्ट केली. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे, असे त्याच्या प्रास्ताविकातच लिहिले आहे. राज्यसत्तेने आपल्या हातून घडलेला दोष स्वतःच्या कायद्यात नमूद करावा, हे क्वचितच घडते. सत्ता जर कबुली देऊ शकते, तर पश्चात्तापाचा रोज उच्चार करणाऱ्या आपण ती देण्यास का कचरावे?

परंतु कायदा झाला म्हणून माणसाचे मन पालटते असे नाही. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात भुकेने क्षीण झालेली बालके दगावली, आणि साऱ्या महाराष्ट्राने ही नावे प्रथमच ऐकिली. आजही भात-नागलीची कापणी आटोपली म्हणजे कित्येक पाडे ओस पडू लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामावर जातात. पावसाळ्यात घरातले दाणे संपलेले असतात, कोणाचे आजारपण आलेले असते, कोणाचे लग्न ठरलेले असते. म्हणून पैसे आगाऊ घेतलेले असतात. त्यास उचल म्हणा, बयाणा म्हणा. हंगामभर विटा पाडावयाच्या, लेकरांची शाळा सुटावयाची, आणि शेवटी हिशेबाच्या दिवशी कळावयाचे की, देणे अजून शिल्लक आहे, पुढल्या साली पुन्हा या. वही अजून दुसऱ्याचीच आहे. आणि ती वही राखणारा मुकादम पुष्कळदा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच नात्यातला असतो. कदाचित त्यांच्याच मंडळीतलाही असेल.

म्हणून खरा समेट म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. जक्कयाच्या घरी प्रभू जेवावयास गेला, तेव्हा जक्कय उभा राहून आपले अर्धे द्रव्य गरिबांस आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याची भाषा बोलला. त्यावर प्रभूने सांगितले की, आज ह्या घरी तारण आले आहे. परतफेडीने तारण विकत मिळत नाही. पण जेथे तारण येते, तेथे तिजोरीचे कुलूप उघडल्याचा आवाज होतो. तो आवाज ऐकू येत नसेल, तर पाहुणा अजून दाराबाहेरच आहे असे समजावे.

आणि आपल्या विश्वासाचा पाया तरी दुसरा कोणता आहे? कलस्सैकरांस लिहिताना पौल म्हणतो की, आपल्याविरुद्ध असलेला ऋणाचा लेख देवाने पुसून टाकिला व वधस्तंभाला खिळून तो नाहीसा केला. ज्याने कोऱ्या कागदावर अंगठा दिला आहे त्यास हे वाक्य कोणत्याही विद्वानापेक्षा अधिक समजेल. माझा रोखा फाडला गेला, आणि तो फाडणाऱ्याचे हात खिळ्यांनी विंधलेले होते. असे असता मी भावाचा रोखा पेटीत जपून ठेवीन काय? प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत क्षमेसाठी ऋणाचाच शब्द आहे. तो उच्चारताना आपली वही डोळ्यांपुढे आली पाहिजे.

ज्यांच्यावर अन्याय झाला, अशा बांधवांसही एक शब्द. तुमची क्षमा ही तुमची ठेव आहे. ती दरडावून मागण्याचा अधिकार कोणास नाही. न्याय मागणे म्हणजे द्वेष करणे नव्हे. आक्रोश करणाऱ्यांस नहेम्याने गप्प बसविले नाही. परंतु जो खरोखर परत फिरून तुमच्या दारी येईल, त्यास आत घ्या. द्वेष हीही एक लग्नगडीच आहे. ती मुलांच्या गळ्यात बांधू नका.

तर मग आपण काय करावे? दिवाळीनंतर भट्टीवर निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची उचल किती आणि हजार विटांमागे दर किती, हे मंडळीतील शिकलेल्या मुलामुलींनी लिहून द्यावे, आणि तो कागद कुटुंबापाशी राहावा. हिशेबाच्या दिवशी कोणी तरी सोबत जावे. आषाढ-श्रावणात खावटीसाठी कोणास हात पसरावा लागू नये म्हणून सुगीच्या अर्पणातील काही भात-नागली मंडळीने कोठारात वेगळी ठेवावी, आणि ती बिनव्याजी द्यावी. कोणी खरोखर बंधनात अडकला असेल, तर त्याजबरोबर तहसील कचेरीत जावे. अशा माणसांसाठी जिल्हा व उपविभागात दक्षता समित्या असाव्या, असे 1976 च्या कायद्यातच सांगितले आहे. आणि प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःस विचारावे, माझ्याविषयी कोणाच्या मनात काय आहे? उत्तर आठवले, तर रविवारची वाट पाहू नये.

आमोस संदेष्ट्याने न्याय पाण्यासारखा वाहावा आणि नीतिमत्त्व न आटणाऱ्या ओढ्यासारखे असावे अशी मागणी केली. ही उपमा जव्हार-मोखाड्याच्या माणसास फोड करून सांगावयास नको. येथे आषाढात ओहोळ गर्जत धावतात, आणि फाल्गुन संपण्याआधी त्यांत दगड तेवढे उरतात. मध्य वैतरणेचे धरण मोखाडा तालुक्यात, त्याचे पाणी मुंबईस जाते, आणि भोवतालच्या पाड्यांतील बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. आपला न्यायही असाच हंगामी असतो. सणाच्या उपासनेत तो दुथडी भरून वाहतो, आणि मजुरी चुकती करण्याच्या दिवशी आटलेला असतो. देवास चैत्र-वैशाखातही वाहणारा झरा पाहिजे.

वेदी कोठे जात नाही. अर्पण तेथे ठेवून आपण गेलो, तर परत येईपर्यंत देव वाट पाहील. भावाच्या दाराकडे जाणारी पायवाट मात्र फार दिवस न चालल्यास गवताने बुजून जाते. ती आज चालावयाची आहे. प्रभू आपणांस त्या वाटेवर चालण्याचे बळ देवो. आमेन.