तीन वाटा, एक दार



दक्षिण गोव्यात कुवेलीच्या डोंगरमाथ्यावर रेमेदिओस मातेचं छोटंसं पांढरं कपेल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, आहे. दरवर्षी ६ जानेवारीला, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, कासावली, आरोशी आणि कुवेली या गावांतली तीन मुलं राजे होतात आणि घोड्यावर बसून वेगवेगळ्या वाटांनी हा डोंगर चढतात. डोक्यावर मुकुट, अंगावर झगा. चढणीला मुकुट कलला की चिमुकला हात चटकन वर जाऊन तो सावरतो. माथ्यावर तिन्ही वाटा एकत्र येतात. आणि कपेलच्या दाराशी राजालाही घोड्यावरून उतरावंच लागतं.

आपणही आपापल्या वाटेनं जरूर चढूया. पण माथ्यावर पोचलो की मोठेपणाच्या घोड्यावरून आधी खाली उतरूया.