क्रूस कोणता आणि हयगय कोणती?

धर्मगुरूच्या आयुष्यात सल्ला देण्याचे प्रसंग रोज येतात. त्यांतील बहुतेक सल्ले देणारा विसरतो आणि घेणाराही विसरतो. परंतु एखादा सल्ला घेणाऱ्याने मनोभावे पाळलेला असतो, आणि म्हणूनच तो देणाऱ्याच्या अंतःकरणात रुतून बसतो. असा एक सल्ला मी सुमारे वीस वर्षांपूर्वी दिला.

सकाळची मिस्सा आटोपून मी चर्चच्या पायऱ्या उतरत होतो. वाडीत मोगरा लावणाऱ्या एका कुटुंबातील तिशी ओलांडलेली सून माझी वाट पाहत उभी होती. "फादर," ती म्हणाली, "पहाटे उठले की दोन्ही हातांची बोटं वळतच नाहीत. तास-दीड तास असाच जातो. कळ्या खुडायला बसले, की घरच्यांच्या टोपल्या भरतात, माझी अर्धीसुद्धा होत नाही. सासूबाईंना वाटतं, मला कामाचा कंटाळा आहे." मी तिच्या हातांकडे पाहिले. सांधे किंचित सुजलेले होते, एवढेच. सेमिनरीत दुःखाच्या गूढाविषयी मी पुष्कळ वाचले होते आणि ते सांगण्याची उत्सुकताही होती. ही वेदना क्रुसावरील प्रभूच्या वेदनेशी जोडावी, कुरकुर न करता सोसावी आणि घरच्यांच्या कल्याणासाठी अर्पण करावी, असे मी तिला सांगितले. तिने मान डोलावली आणि ती गेली.

तिने दोन वर्षे सोसले. शेवटी तिच्या भावाने तिला मुंबईच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले. निदान झाले ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात. औषध सुरू झाले, वेदना उतरली. पण वाकलेली बोटे वाकलेलीच राहिली. दोन वर्षांपूर्वी आला असता तर ही बोटे बहुधा वाचली असती, असे डॉक्टर म्हणाले. तिने मला कधी दोष दिला नाही. मात्र त्यानंतर एका रविवारी माझ्या लक्षात आले, की तिने कम्युनियन हातावर घेणे सोडले आहे. तळवा सरळ होत नसल्यामुळे ती आता जिभेवर घेत होती.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्यासोबत आहे. कोणती वेदना म्हणजे ख्रिस्ताने आपल्या खांद्यावर ठेवलेला क्रूस, आणि कोणती वेदना म्हणजे माणसांनी केलेली निव्वळ हयगय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला धर्मशास्त्राइतकेच वैद्यकशास्त्राचेही साहाय्य झाले.

आमवात, ल्युपस, टाइप 1 मधुमेह हे वरवर भिन्न दिसणारे आजार एकाच कुळातील आहेत. आपल्या शरीरातील संरक्षक यंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी असते. या आजारांत ती स्वतःच्याच पेशींना शत्रू समजून त्यांच्यावर चालून जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी असे मत मांडले होते, की शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलण्यास कचरते. पुढच्या अनेकांनी त्याचा अर्थ 'असे घडूच शकत नाही' असा केला. 1956 साली अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट वितेब्स्की यांनी सशांच्या थायरॉइड ग्रंथीवरील प्रयोगांतून असे घडू शकते हे दाखवून दिले.

त्यानंतरचे संशोधन आणखी नम्र करणारे आहे. स्वतःवर उलटू शकणाऱ्या पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथी त्यांतील बहुसंख्य पेशींना आरंभीच बाद करते; पण काही निसटतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी 1995 साली दाखवले, की या निसटलेल्या पेशींना आवर घालणाऱ्या दुसऱ्या पेशी शरीरात सतत पहारा देत असतात. त्या पहारेकऱ्यांच्या घडणीस आवश्यक असलेले जनुक अमेरिकेतील मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी 2001 साली शोधून काढले. या तिघांना 2025 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाचा आपल्या प्रश्नाशी काय संबंध? पुष्कळच आहे. आजारी माणसाला प्रथम छळणारा प्रश्न असतो, "मी असे काय केले?" आणि शेजाऱ्यांच्या मनातला प्रश्न असतो, "हिने असे काय केले असेल?" जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनीही प्रभूला हेच विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. आज विज्ञान आपल्या परीने तेच सांगत आहे. आमवात होण्यामागे आनुवंशिक ठेवण असते, तंबाखूच्या धुरासारखी कारणे असतात, आणि ती अनेक वर्षे मिळून काम करीत असतात. पहिला सांधा दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात प्रतिपिंडे आढळू शकतात. कोणत्याही एका चुकीकडे बोट दाखवता येत नाही. ज्या पेशींनी त्या माउलीचे सांधे झिजवले, तशा पेशी माझ्याही रक्तात आहेत. माझे पहारेकरी आजवर जागे राहिले, एवढेच. माझे आरोग्य हे माझ्या सद्गुणांचे प्रशस्तिपत्र नाही. ते रोज मिळणारे आणि रोज राखले जाणारे दान आहे. हे ज्याला उमगले, तो रुग्णाकडे वरून खाली पाहू शकत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावात 1996 साली पुण्याच्या डॉक्टरांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. प्रौढ लोकसंख्येत हजारी सुमारे पाच जणांना आमवात असल्याचे त्यांना आढळले. पाच हा आकडा लहान वाटतो. परंतु मोठ्या धर्मग्रामात तेवढ्या हिशेबाने दहा-वीस माणसे सहज भरतात, आणि पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हा आजार दोन ते तीन पट अधिक आहे. आपण प्रत्येकाने अशी एखादी स्त्री पाहिलेली आहे. कदाचित तिचे दुखणे पाहिलेले नाही.

या आजारात सांध्यांची झीज अनेकदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, आणि झालेली झीज सहसा भरून येत नाही. म्हणून लक्षणे दिसू लागल्यापासून तीन महिन्यांच्या आत योग्य औषध सुरू व्हावे, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. सकाळी उठल्यावर सांधे तासभर किंवा अधिक काळ आखडणे, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजणे, आणि हे काही आठवडे टिकणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. मेथोट्रेक्सेट हे साधे आणि तुलनेने स्वस्त औषध आठवड्यातून एकदा घेऊन असंख्य रुग्ण कामाला लागले आहेत. (ते चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतू शकते, हे घरातील सर्वांना माहीत असावे.) 1992 साली लंडनमध्ये रवींदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी सांध्यांतील दाह भडकवणाऱ्या टीएनएफ या एका प्रथिनाला रोखणारे औषध रुग्णांना प्रथमच दिले, आणि उपचारांचे एक नवे युग सुरू झाले.

झटपट उताऱ्याचा मोहही येथेच आवरला पाहिजे. 1948 साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. 1950 साली त्या कार्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास तेच औषध हाडे ठिसूळ करते आणि अन्य व्याधी आणते, हेही लवकरच कळून आले. आजही घटकांची नावे नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. चार दिवसांत उड्या मारायला लावणाऱ्या पुडीपासून सावध राहणे बरे.

येथे कोणी विचारील, "फादर, मग क्रुसाचे काय? सगळ्यालाच औषध असेल, तर समर्पणाला अर्थ कोणता उरला?" हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर मला गेथशेमाने बागेत सापडते. प्रभूने पित्यापाशी प्रथम काय मागितले? हा प्याला टळावा, हेच. पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली ती त्यानंतर. संत पौलानेही शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि मगच दुर्बलतेत प्रकटणाऱ्या सामर्थ्याचा स्वीकार केला. दोन्ही ठिकाणी क्रम एकच आहे. आधी मागणे, झगडणे, उपाय शोधणे. आणि सर्व करूनही जे उरते, त्याचे समर्पण. मी त्या माउलीला हा क्रम उलटा करून सांगितला. तिला मागण्याची संधी न देताच मी तिच्याकडून स्वीकार मागितला. आपल्या कॅथॉलिक बायबलमधील बेन-सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय सांगतो, की वैद्यही देवाने निर्माण केला आहे आणि औषधेही त्यानेच पृथ्वीतून उगवली आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्यात दुःखाच्या तारणदायी मूल्याबरोबरच दयाळू शोमरोन्याचाही विस्तृत विचार आहे. दुसऱ्याच्या वेदनेपुढे हात बांधून उभे राहणे सुवार्तेला मान्य नाही, असे ते स्पष्ट सांगतात. शोमरोन्याने जखमी वाटसरूला सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला आणि खाणावळीचे पैसे भरले.

मग खरे समर्पण कसे दिसते? अमेरिकन कॅथॉलिक लेखिका फ्लॅनरी ओकॉनर हिचे उदाहरण मला नेहमी आठवते. ल्युपसने तिचे वडील 1941 साली गेले. 1950 च्या अखेरीस ती स्वतः आजारी पडली, तेव्हा घरच्यांनी तिला संधिवात झाल्याचे सांगितले. आजार ल्युपस आहे हे प्रेमापोटी लपवून ठेवले. 1952 साली एका मैत्रिणीने तिला सत्य सांगितले. सत्य कळल्यावर तिने उपचार सोडले नाहीत आणि लेखनही सोडले नाही. कुबड्या घेऊन चालावे लागले, तरी जॉर्जियातील आईच्या शेतघरात ती रोज सकाळी लिहावयास बसे. 1958 साली ती लुर्द येथे गेली, आणि तेथे आपण हाडांसाठी नव्हे, हातातील कादंबरीसाठी प्रार्थना केली, असे तिने पुढे पत्रात कळवले. 1964 साली वयाच्या 39 व्या वर्षी तिचे निधन झाले. हा क्रूस होता, कारण तो तिने डोळे उघडे ठेवून घेतला होता. ज्याच्यापासून सत्य किंवा उपचार दूर ठेवला गेला आहे, त्याच्या सोसण्याला आपण समर्पण म्हणू नये.

आणि आता आपल्या सर्वांविषयी. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री गर्दीत होती. तिचे दुखणे कोणाला दिसत नव्हते. प्रभू थांबला. घाई असूनही त्याने तिची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि तिला कन्या म्हटले. न दिसणाऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवणे हा रुग्णसेवेचा पहिला भाग आहे. "दिसायला तर धडधाकट आहे", "कामाच्या वेळीच कसे दुखते" ही वाक्ये आपल्या अंगणांत सहज उच्चारली जातात. त्यांनी बोट वाकत नाही. पण बोट वाकण्याआधी डॉक्टरांकडे जाण्याचे धैर्य मात्र नक्की मोडते.

सर्वच रुग्ण बरे होतील, असे आश्वासन मी देत नाही. जर्मनीतील एर्लांगेन येथे 2021 साली ल्युपसच्या एका तरुण रुग्णाच्याच पेशी काढून, बदलून, पुन्हा शरीरात सोडण्यात आल्या आणि तिचा आजार शांत झाला. पुढे इतर रुग्णांतही आशादायक परिणाम दिसले. परंतु असे उपचार अतिशय महाग आहेत. वाडीतल्या सुनेपर्यंत ते कसे पोहोचतील, हा प्रश्न शास्त्रज्ञांचा कमी आणि समाजाच्या सदसद्विवेकाचा अधिक आहे. सणाच्या मंडपावर आपण किती खर्च करतो आणि धर्मग्रामातील रुग्णांच्या औषधावर किती, हा हिशेब प्रत्येक समितीने एकदा मांडून पाहावा.

ती माउली आजही मिस्सेला येते. गेल्या वर्षी ती शेजारच्या एका नवविवाहितेला घेऊन माझ्याकडे आली. मुलीची बोटे सकाळी आखडत होती. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "फादर, हिला उद्या डॉक्टरांकडे नेते आहे. तुम्ही फक्त हिच्या सासूबाईंना समजावून सांगा."

त्याच संध्याकाळी मी त्या घरी गेलो.