पाप, अपराध आणि व्याधी

व्यसनी मुलाची आई धर्मगुरूकडे येते ती बहुधा तिन्हीसांजेला, कुणी पाहणार नाही अशा बेताने. "फादर, इस्पितळात न्यावे तर पोलिसांची भीती, घरी ठेवावे तर पोर हातचे जाते." अशा मातांसमोर आम्ही अनेकदा निरुत्तर झालो आहोत. त्यांच्या या कोंडीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे: जे जे पाप, ते ते सारे कायद्याने अपराध ठरवावे काय?

इतिहास पाहता या बाबतीत कायद्यामागे नेहमीच नीती उभी होती असे दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी कलकत्त्यास अफूचा लिलाव करी, तर माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. चीनने अटकाव करताच १८३९ मध्ये युद्ध पेटले. सत्ताच व्यापारी झाली होती! १८९३ साली सरकारने नेमलेल्या गांजा-भांग आयोगाने, माफक सेवनाने सहसा हानी होत नाही, सबब बंदीऐवजी कर व नियंत्रण असावे, असा अभिप्राय दिला. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने वारे फिरले आणि १९८५ मध्ये भारताने अमली पदार्थांविरुद्ध कठोर कायदा केला. त्यातही भांगेची पाने गांजाच्या व्याख्येबाहेर राहिली.

आता काही देशांत उलट मागणी होत आहे. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता अल्प साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा मानणे सोडले. विक्री मात्र गुन्हाच राहिली. साठ्यासह सापडलेल्यास तेथे एका समितीपुढे नेतात व उपचाराकडे वळवितात. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२० मध्ये जनमताने तसेच पाऊल उचलले. पण उपचारांची सोय वेळेवर उभी राहिली नाही आणि २०२४ मध्ये ते मागे घ्यावे लागले. शिक्षा काढून टाकली म्हणजे करुणा केली असे होत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा मूलगामी विचार केला आहे. मानवी कायदा अपूर्ण माणसांसाठी असतो. म्हणून तो प्रत्येक दुर्गुणास मनाई करीत नाही, तर अधिक गंभीर, विशेषतः इतरांना इजा करणाऱ्या दुष्कृत्यांना करतो, असे ते म्हणतात. मग सारेच मोकळे सोडावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. विष विकणारा दुसऱ्याच्या लेकराचा घात करतो. त्याला कायद्याने रोखलेच पाहिजे. व्यसनी माणूसही घर पोखरतो, आईचे दागिने गहाण टाकतो, हे आम्ही जाणतो. परंतु त्याच्या इच्छाशक्तीला बेड्या पडलेल्या असतात. पापाला स्वातंत्र्य लागते. व्याधी ते हिरावून घेते. औषधोपचाराखेरीज अमली पदार्थांचे सेवन गंभीर दोष आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण ठाम आहे. मोकळीक दिल्याने व्यसन घटत नाही, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा बजावले. त्याच वेळी प्रत्येक व्यसनी माणसाची कहाणी ऐकून घ्यावी, त्याच्यावर प्रेम करावे, असेही त्यांनी सांगितले.

आपल्या कायद्यातही एक दार उघडे आहे. त्यातील ६४अ कलमानुसार, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मध्येच सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. हे दार कितीजणांना ठाऊक आहे? आणि ठाऊक असूनही किती माता त्यातून आत जातील? कारण पोलिसांइतकीच त्यांना शेजाऱ्यांच्या जिभेची भीती आहे. मुलीचे लग्न मोडेल, चर्चच्या आवारात कुजबुज होईल, या धास्तीने व्याधी घरातच वाढत राहते.

कायदा कडक असावा की सौम्य, यावर विद्वान वाद घालतील. जखमी वाटसरूला पाहून बगल देऊन जाणाऱ्यांत एक याजकही होता, हे मात्र आम्हांस विसरता येत नाही. पुढच्या वेळी ती माता येईल तेव्हा तिला उपदेश नको आहे. इस्पितळाच्या पायरीपर्यंत तिच्यासोबत चालणारे कुणीतरी हवे आहे.