परतीची वाट

जुन्या प्रीमियर पद्मिनीचा उजवा इंडिकेटर लावावा, तर त्याच्याबरोबर मागचा लाल दिवाही लुकलुकायला लागतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो. मालक आधी बल्ब बदलतो, मग फ्लॅशर, मग वैतागून आख्खा स्विच. गाडी आपली तशीच.

या गाड्यांत दिव्यापर्यंत वीज न्यायला वायर असते. बॅटरीकडे परत यायला मात्र बहुतेक ठिकाणी गाडीचा पत्राच. गॅरेजमध्ये याला अर्थ म्हणतात. दिव्याचं घर ज्या स्क्रूने पत्र्याला कसलेलं असतं, त्याच्याखाली पावसाळ्यांमागून पावसाळे गंज साठतो. (मुंबईची खारी हवा त्यात हात धुऊन घेते.) वाट बुजली, तरी वीज थांबत नाही. शेजारच्या बल्बच्या तारेतून ती आडवाटेने परतते, म्हणून तो बिचारा लुकलुकतो. त्याचा स्वतःचा दोष काहीच नसतो.

तपासायचा मल्टिमीटरही इथे फसवतो. दिवा बंद ठेवून वायर तपासली, तर तुटत आलेल्या वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर खुशाल ‘पीं’ करतो. कारण तपासताना तो जेमतेम काही मिलिअँपिअर सोडतो. 55 वॉटच्या हॅलोजनला साडेचार अँपिअर लागतात, ते त्या एका तारेला कुठले पेलायला? भार नसताना सगळंच ठणठणीत दिसतं, संस्थांमध्येही, घरांमध्येही. म्हणून जाणता मिस्त्री दिवा पेटता ठेवून तपासतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या घराला. जवळपास शून्य यायला हवं. दोन व्होल्ट दिसले, तर तेवढे वाटेतल्या गंजातच खर्ची पडताहेत.

सापडल्यावर काम दहा मिनिटांचं. स्क्रू काढायचा, पत्रा पॉलिश पेपरने लख्ख घासायचा, पुन्हा कसून वर थोडं ग्रीस. सकाळ गेलेली असते ती शोधण्यात. मालकाची कुरकुर सुरू होते तीही इथेच: ‘बदललं तर काहीच नाही, मग पैसे कसले?’ उगीच बदललेल्या फ्लॅशरचे नि स्विचचे पैसे मात्र त्याने मुकाट मोजलेले असतात. मला वाटतं, इलेक्ट्रिशियनने शोधण्याची मजुरी वेगळी लावावी आणि बॉनेट उघडण्याआधीच ती सांगून टाकावी.