तीन टक्के

पेट्रोब्रास या ब्राझीलच्या सरकारी तेल कंपनीने २०१४ चे हिशेब एप्रिल २०१५ मध्ये, बरेच रखडून जाहीर केले. त्यात लाचखोरीपायी जादा गेलेले ६.२ अब्ज रेआल मालमत्तेतून वजा केलेले होते. ठेकेदारांनी कामं आपसात वाटून घ्यायची, भाव चढवायचे आणि चढवलेल्या भावातला वाटा कंपनीतले बडे अधिकारी नि राजकीय पक्ष यांना पोचवायचा, असं २००४ पासून वर्षानुवर्षं चाललं होतं.

मी अंतर्गत हिशेबतपासनीस आहे, आणि त्या हिशेबातली एक गोष्ट माझा पिच्छा सोडत नाही. कुठल्या बिलात किती लाच मुरली, हे कंपनीला शोधताच आलं नाही. शेवटी २७ कंपन्यांच्या ठेक्यांवर सरसकट ३ टक्के धरून आकडा काढावा लागला. बिलं होती, मंजुऱ्या होत्या, सह्या होत्या; आणि लाच प्रकल्पांच्या किमतीत मिसळून मालमत्ता म्हणून वहीत बसली होती.

मी तरी रोज काय तपासतो? ऑर्डरची प्रत, गेटवरची नोंद, माल मिळाल्याची पावती, जीएसटी. तीन कोटेशनं जोडलेली दिसली की पुढे जातो. ती तिन्ही एकाच टेबलावर तयार झाली असतील का, हा प्रश्न माझ्या यादीत नाही. तो नसणं मला सोयीचं वाटतं का? मनाशी खरं बोलायचं तर, वाटतं. कागद बरोबर असला की परचेसवाल्यांशी संबंध बरे राहतात, आणि भाव ठरवणं हे त्यांचं काम, असं म्हणून मला मोकळं होता येतं.

३ टक्के चिल्लर वाटतात. पण १०० रुपयांच्या विक्रीला ६० रुपयांचा माल लागत असेल, तर जादा गेले १ रुपया ८० पैसे. नफा ६ रुपये असेल तर तो ४ रुपये २० पैशांवर आला, म्हणजे ३० टक्के बुडाला. वहीत मात्र ही रक्कम ‘कच्चा माल’ म्हणूनच दिसते. साहेबलोक महागाईला बोल लावतात आणि काटकसर सुरू होते कंत्राटी कामगारांपासून. शिवाय टक्केवारी देणारा ती मालातूनच वसूल करतो; रिजेक्शन वाढतं, तेही वेगळ्या खात्यात.

पेट्रोब्रासला २०१८ मध्ये अमेरिकेतल्या भागधारकांचा दावा मिटवायला २.९५ अब्ज डॉलर मान्य करावे लागले. त्याआधीच ब्राझीलमध्ये तिच्या इटाबोराई इथल्या रिफायनरी प्रकल्पावरचे हजारो कामगार घरी बसले होते. त्या टक्केवारीतला पैसाही त्यांच्या हाताला लागलेला नव्हता.

मी कुणाचं पाकीट घेत नाही, याचा मला अभिमान आहे. पण तो अभिमान फक्त माझ्या खिशापुरता आहे. वाजवी भाव देऊनही दरवेळी डावलला गेलेला पुरवठादार एक दिवस कोटेशन पाठवणंच बंद करतो. माझ्या मते कंपनीचं सगळ्यात मोठं नुकसान हे, कारण त्याच्यावर ३ टक्क्यांचा अंदाजसुद्धा लावता येत नाही.

यंदा मी अशा थांबलेल्या पुरवठादारांची यादी आणि त्यांच्याशी थेट बोलायची परवानगी मागणार आहे. नकार आला, तर तो नकार अहवालात लिहायचं बळ माझ्यात आहे का, हे मी स्वतःला विचारतो आहे. अजून ठाम हो म्हणता आलेलं नाही.